बाबांच्या हातचं इंजेक्शन

"त्यांच्या हातचं दुखायचं नाही," गाऊन खाली ओढत आई म्हणाली.

हे वाक्य ती गेले चार महिने रोज सकाळी साडेसातला म्हणत होती. थोरल्या लेकीला त्याची इतकी सवय झाली होती, की ते ऐकू आलं की इंजेक्शन पार पडलं असं ती समजायची. पण त्या दिवशी वाक्याला शेपूट निघालं.

"हे पेन संपेपर्यंत मी काढेन कळ. मग नवीन आणू नकोस."

थोरली कॉलेजच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल होती. घाबरली की ती आधी रजिस्टर बघायची. तिने इंजेक्शनांचं रजिस्टर बघितलं. अठ्ठावीस दिवसांचं पेन, सतरा दिवस झाले, उरले अकरा.

हे पेन लिहायचं नव्हे. दिसायला तसंच, पण आत शाईऐवजी हाडं बळकट करायचं औषध. रोज नवी सुई लावायची, पोटावर नाहीतर मांडीवर टोचायची, बटण दाबून पाच आकडे मोजायचे, की झालं. दीड वर्षापूर्वी गॅलरीतली कुंडी जरा बाजूला सरकवताना आईच्या पाठीचा एक मणका पिचला होता. कुंडी शाबूत राहिली. डॉक्टरांनी दोन वर्षं रोज हे इंजेक्शन सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, "मधेच सोडायचं नाही. पुढचा मणका काही तुम्हाला विचारून मोडणार नाही." पहिले चौदा महिने ते बाबांनी दिलं. मग बाबा गेले, आणि पेन थोरलीच्या हातात आलं. अजून सहा महिने बाकी होते.

"अगं, पण औषध तेच आहे, सुई तीच आहे," थोरली म्हणाली.

"हात तो नाही."

 थोरलीचा हात वाईट नव्हता. उलट तिने हे काम जितक्या शिस्तीने बसवलं होतं तितकं एखाद्या इस्पितळातही बसलेलं नसेल. एक स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये डावीकडून उजवीकडे स्पिरिटचा बोळा, सुई, टिश्यू, वापरलेल्या सुयांचा डबा. तिचा वाचायचा चष्मा गोफाच्या दोरीने कायम गळ्यात, म्हणजे शोधायला नको. फ्रिजमधून पेन काढल्यापासून आई "हाय गं" म्हणेपर्यंत चाळीस सेकंद. बाबांना याच कामाला अर्धा तास लागायचा. आई स्वतःच सांगायची, "त्यांचं सगळंच बाई सावकाश." चाळीस सेकंदांत होणारी गोष्ट अर्ध्या तासाच्या गोष्टीपेक्षा जास्त कशी दुखू शकते, हे थोरलीला काही केल्या कळेना. ती बुचकळ्यात पडली, आणि बुचकळ्यात पडलेल्या माणसाने कधीही करू नये ती गोष्ट तिने केली. तिने शेजारी विचारलं.

समोरच्या काकूंनी दार उघडलं तेच उत्तर हातात घेऊन.

"बर्फ. आधी बर्फ लाव. जागा अशी बधिर होते की तलवार खुपसलीस तरी कळणार नाही."

"तलवार नाही खुपसायची, काकू."

"तेच म्हणते मी. सुईचं काय घेऊन बसलीस?"

घरात बर्फ नव्हता. काकूंनी फ्रीझरमधली मटाराची पिशवी दिली, वर "परत आण, संध्याकाळी लागतील" अशी अटही घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी आईच्या पोटावर ठेवली, आणि आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून काकू समोरून धावत आल्या. त्यांना वाटलं, तलवार.

"मटारच जास्त बोचले," आईने निकाल दिला. "सुई परवडली." दिवसभर ती शिंकत राहिली. प्रत्येक शिंकेला थोरली धावत जाऊन तिची पाठ धरायची, कारण डॉक्टरांनी जोरात शिंकायलाही मना केलं होतं. उरले दहा.

काकू अशा खचणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं, खोकायचं. सुई टोचण्याच्या क्षणी रोग्याने खोकलं तर मन खोकल्याकडे जातं आणि सुई गुपचूप आत. जोरात खोकणं पाठीला चालण्यासारखं नव्हतं, म्हणून तिघींनी चर्चा करून सभ्य खोकला ठरवला, सभेत कुणाचं भाषण लांबलं की खोकतात तसा. आता खोकायचं कधी? काकू "एक, दोन, तीन" म्हणणार, तीनला आई खोकणार, तीनलाच थोरली टोचणार. तिघींची मिळून एक कवायत. आई दोनलाच खोकली. थोरली दचकली, काकूंनी घाईघाईत तीन म्हटलं, आणि सुई थोरलीच्या डाव्या हाताच्या अंगठ्यात गेली.

तिचा पहिला विचार असा होता, की अरेच्चा, दुखतं की!

चार महिने ती आईला "मुंगी चावल्यासारखं होईल हं" असं सांगत आली होती. मुंगी वगैरे काही नव्हती. तिने ती सुई डब्यात टाकली, अंगठा धुतला, नवी सुई लावली, आणि एक-दोन-तीन न म्हणता आईला टोचलं. काकू जाता जाता म्हणाल्या, "तुला दुखलं, म्हणजे पद्धत बरोबर आहे. माणूस चुकलं."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअरकाका राहायचे. त्यांच्या कानावर हे प्रकरण गेलं कसं, हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण काकूंच्या आणि त्यांच्या गॅलऱ्या एकीखाली एक होत्या. ते मोजपट्टी घेऊनच आले.

"तुमच्या वडिलांचं आणि माझं या विषयावर कधी बोलणं झालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण उत्तर उघड आहे. व्यवसाय काय त्यांचा?"

"पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे."

"हाताने?"

"हाताने."

"झालं तर मग! चाळीस वर्षं पेन धरलेला हात. कागदाला टेकतो पण रुतत नाही. अंश किती?"

"कसले?"

"कोनाचे, ताई! पेन किती अंशात धरायचे?"

थोरलीला माहीत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी छताकडे बघत असायचे." तरीही ही कल्पना थोरलीच्या मनात घर करून बसली. हाताचं काम असेल तर सरावाने येईल. तिने बाबांच्या खणातून त्यांचं जुनं नकाशाचं पेन काढलं आणि दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून सरळ रेघा मारल्या. रेघा चांगल्या आल्या. इंजेक्शनं दोन्ही दिवस दुखली. तिसऱ्या दिवशी तिने पेनाला हात लावला नाही, पण ते खणात परत ठेवायचंही तिच्याने झालं नाही. ते तिथेच टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी पडून राहिलं, आणि आईनेही ते उचललं नाही.

इंजिनिअरकाकांनी तोवर यंत्र केलं होतं. खांदे दुखतात त्यासाठी त्यांच्या घरी एक थरथरणारं मालिशचं मशीन होतं. त्याला त्यांनी एक पट्टा शिवून घेतला होता. तत्त्व असं, की कातडी थरथरत असेल तर टोचल्याची बातमी मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. मशीन आईच्या पोटावर बांधलं. काका म्हणाले, "पहिल्या गतीवर." बटण दाबलं. ती पहिली गती असेल तर तिसऱ्या गतीवर विमानं उडत असणार. आई थरथरली, सोफा थरथरला, आईच्या हातातलं वर्तमानपत्र फडफडलं, आणि आई म्हणाली, "अ-अ-अगं आ-आ-आता टो-टो-च." थोरलीने टोचायला हात पुढे केला. सुई कातडीला लागून वाकली, बटण दाबलं गेलं आणि औषधाची धार सोफ्याच्या गादीत गेली.

त्या दिवशी सोफ्याच्या हाडांना बळकटी आली. आईला काहीच मिळालं नाही. एकदा दाबलेला दिवस परत भरता येत नाही, असं औषधाच्या माहितीपत्रकात ठळक लिहिलं होतं. थोरलीने रजिस्टरात त्या तारखेपुढे थोडा विचार करून "सोफा" असं लिहिलं.

एवढ्यावरही तिला वाटत होतं, की याचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असणार. सव्वीस वर्षं ती लोकांना हेच सांगत आली होती. म्हणून तिने औषधकंपनीच्या मदतवाहिनीला फोन लावला. फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती.

"आपण रुग्ण बोलताय का?"

"नाही. मी त्यांची मुलगी."

"आमच्याकडे काळजीवाहक म्हणून त्यांच्या यजमानांची नोंद आहे. माहिती त्यांनाच देता येईल."

"ते वारले."

 "फार वाईट वाटलं ऐकून. आपण काळजीवाहक बदलण्याचा फॉर्म भरू शकता. त्यावर आधीच्या काळजीवाहकांची सही लागेल."

थोरलीने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. असं करून काही होत नाही, पण माणूस करतो.

"दुसरा काही मार्ग?"

"नोंदवलेल्या नंबरवर एक ओटीपी येईल. तो सांगितलात तरी चालेल."

नोंदवलेला नंबर बाबांचा होता. बाबांचा फोन आईच्या उशाशी होता. आई तो रोज चार्ज करायची. का, ते थोरलीने विचारलं नव्हतं. खोलीतून टिंग आवाज आला. आई दचकून फोन घेऊन बाहेर आली. "त्यांना मेसेज आलाय," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने फोन नुसताच पुढे केला.

थोरलीने सहा आकडे वाचून दाखवले.

"धन्यवाद, सर," मुलगी म्हणाली. "पडताळणी पूर्ण झाली. बोला सर, मी आपली काय मदत करू?"

थोरलीने ठरवलं, की असेल ते असो. मी सर. "इंजेक्शन टोचताना फार दुखतं. न दुखण्यासाठी काय करावं?"

कळफलकावर टकटक. "सर, टोचताना त्रास होत असल्यास रुग्णाने आपल्या काळजीवाहकाशी बोलावं, असं इथे दिलंय."

फोन ठेवला तेव्हा बाबांच्या फोनवर परत टिंग वाजलं. "आमची सेवा आपल्याला कशी वाटली?" आईने चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाली, "त्यांनी पाचपैकी पाच दिले असते. ते सगळ्यांनाच द्यायचे." तिने पाच दिले.

आता उरले होते तीन. थोरली आईला टॅक्सीत घालून इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या सिस्टर दिवसाला पन्नास सुया टोचणाऱ्या. त्यांनी थोरलीकडून ट्रेसकट सगळी कृती करून घेतली, मग पेन स्वतःच्या हातात घेतलं, आणि दोघींना कळायच्या आत टोचूनही टाकलं.

"दुखलं, आजी?"

"दुखलं," आई म्हणाली. "पण तुम्ही स्वभावाने चांगल्या आहात."

सिस्टर हसल्या. "ताई, तुमचं काही चुकत नाहीये. फक्त तुम्ही जरा…" इतक्यात त्यांना वॉर्डातून हाक आली आणि त्या गेल्या. थोरली बाकावर पाऊण तास थांबली. त्या आल्या नाहीत. परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात ते अर्धं वाक्य भुंग्यासारखं फिरत होतं. फक्त तुम्ही जरा काय? जरा खाली? जरा तिरकं? जरा बाजूला व्हा?

"किती मनाला लावून घेतेस," टॅक्सीत आई म्हणाली. "मी काय तुला वाईट म्हणतेय का? सोडून देऊ म्हणतेय इतकंच. माझ्या हाडांचं काय, ती आहेत तेवढी पुरतील मला."

थोरली खिडकीबाहेर बघत राहिली. "मला नाही पुरायची," ती म्हणाली.

शेवटचा दिवस उजाडला. ट्रे समोर. फ्रिजमधून पेन काढलं. आई सोफ्याच्या कोरड्या बाजूला बसली. थोरलीने टिश्यूसाठी ड्रॉवर ओढला आणि चष्म्याची दोरी ड्रॉवरच्या मुठीत अडकून फटकन तुटली. ठीक आहे. तिने चष्मा उचलून कुठेतरी अडकवला, बोळ्याने पोटावर स्पिरिट पुसलं, सुई घ्यायला हात घातला, तर सुयांचं पाकीट रिकामं. नवा खोका कपाटात. ती आत गेली, खोका फोडला, बाहेर आली. आणि चष्मा नाही.

"आई, माझा चष्मा?"

आईने तिच्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. "फ्रिजवर बघ."

फ्रिजवर नव्हता.

"बाथरूमच्या खिडकीत?"

"मी बाथरूममध्ये गेलेच नाहीये."

"काल गेली असशील. तुझे बाबा कुठेही ठेवायचे. एकदा पिठाच्या डब्यात निघाला होता."

"पिठाच्या डब्यात नसणार, आई."

"बघ तर खरं."

थोरलीने पिठाचा डबा उघडला. मग बंद केला आणि स्वतःचाच राग आला तिला. टीव्हीमागे बघितलं, गादीखाली बघितलं, फळांच्या टोपलीत बघितलं. आई सोफ्यावर पोट उघडं टाकून बसल्या बसल्या सूचना देत होती, आणि सूचनांमधून बाबांच्या चष्म्याचा इतिहास: तो चपलांच्या कपाटात सापडला तेव्हा, तो शेजारच्या लग्नाला गेला होता तेव्हा, तो त्यांनी दुकानात विसरून दुसऱ्याच माणसाचा आणला आणि आठवडाभर त्याच चष्म्यातून वर्तमानपत्र वाचून "हल्ली छपाई फार बिघडलीय" म्हणत होते तेव्हा. थोरलीला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा दोघी बाबांबद्दल अशा बोलत होत्या, की जणू ते आतल्या खोलीत काही शोधतायत. वीस मिनिटं गेली असतील. शेवटी आरशासमोरून जाताना थोरलीला चष्मा दिसला. डोक्यावर, केसांत.

"हा काय इथे!"

"सापडला का?" आई म्हणाली. "तर मी काय सांगत होते, तो दुकानदार यांना म्हणतो, अहो काका…"

थोरलीने सुई लावली, कातडी चिमटीत धरली, टोचलं, बटण दाबून पाच आकडे मोजले, सुई काढली.

"…हा चष्मा तुमचा नाही, आणि हे म्हणतात, मग नाक कुणाचं आहे? टोच ना आता, किती वेळ लावतेस?"

"झालं."

"काय झालं?"

"टोचून झालं, आई."

आईने पोटाकडे पाहिलं. मग पेनाकडे. पोटावर एक बारीकसा लाल ठिपका होता, बस.

थोरलीच्या डोक्यात एकदम दिवे लागले. पेन वीस मिनिटं बाहेर होतं, म्हणजे औषधाचा गारठा गेला होता. स्पिरिट पार वाळलं होतं, म्हणजे आत जाताना झोंबलं नाही. आणि आई बोलत होती. फक्त तुम्ही जरा थांबा! सिस्टरांना हेच म्हणायचं होतं. चाळीस सेकंद! ती रोज गार औषध ओल्या स्पिरिटातून खुपसत होती आणि वर घड्याळ लावून अभिमान बाळगत होती. आणि बाबा, त्यांच्या त्या विसरभोळेपणापायी…

"म्हणजे बाबा रोज चष्मा शोधत बसायचे, म्हणून दुखायचं नाही!" ती म्हणाली. "त्यांना पत्ताही नसेल."

आईने गाऊन नीट केला.

"आई, तुला माझा चष्मा दिसत होता का गं?"

"मणका पिचलाय माझा. डोळे नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर लगेच टोचलं असतंस की," आई म्हणाली. "त्यांनाही कधी नाही सांगितलं मी. रोज डोक्यावर असायचा. मी म्हणायचे, फ्रिजवर बघा. तेवढीच सुई लांब. चौदा महिने."

"आणि त्यांना चौदा महिन्यांत एकदाही कळलं नाही?"

आईने टेबलावरच्या, फळांच्या टोपलीशेजारच्या त्या जुन्या पेनाकडे पाहिलं.

"अख्ख्या शहराचा नळन् नळ पाठ होता त्यांना, जमिनीखालचासुद्धा," ती म्हणाली. "स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा सापडत नव्हता म्हणतेस?"

 थोरलीने रजिस्टर उघडलं, तारीख घातली, पुढे काय लिहावं ते कळेना म्हणून तसंच मिटलं.

संध्याकाळी ती नवीन पेन घेऊन आली. आईने ते हातात घेऊन बघितलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. समोरच्या काकूंनी चष्म्याला नवी दोरी आणून दिली, चांगली जाड, तुटणार नाही अशी. थोरलीने आभार मानून ती ड्रॉवरमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ट्रे ठेवला. पेन बाहेर काढलं. बोळ्याने पोट पुसलं. मग थोरलीने चष्मा डोक्यावर सरकवला आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"आई, माझा चष्मा पाहिलास का गं कुठे?"

आईने वर्तमानपत्रातून मान वर केली, तिच्या डोक्याकडे एकवार बघितलं आणि पान उलटलं.

"फ्रिजवर बघ," ती म्हणाली.